डोळे आईवर गेलेत

"ताई, हा रोल आता कुणी धुत न्हाई," असं म्हणून बंकटनं ॲल्युमिनियमची डबी काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवली. बीडच्या बसस्टँडसमोर बंकटची लॅब. मी शिकवते त्या टायपिंग क्लासच्या पोरापोरींचे पासपोर्ट फोटो तोच काढतो, म्हणून ओळख. मला वाटलं होतं, रोल द्यायचा आणि संध्याकाळच्या नेकनूरच्या गाडीआधी फोटो घेऊन जायचं. सगळं जग तसंच करतं. पण बंकट म्हणाला, हा साधा रोल नाही, पॉझिटिव्ह आहे, स्लाइडचा. यातून निगेटिव्ह निघत नाही, सरळ चित्रच निघतं, त्याला पडद्यावर पाडून बघायचं. त्याचं केमिकलच वेगळं. "मग आणा की ते केमिकल," मी म्हटलं. मला असलं काही ऐकलं की आधी राग येतो, कळतं नंतर. "कुनासाठी आनू? हल्ली तुमी सोडून ह्यो रोल घेऊन कुनी आलं न्हाई माझ्याकडं. टाकून बगू का आपल्याच मशिनीत? निघंल कायतरी. रंग तेवढे भलतेच येत्यात, सांगून ठिवतो. मागं एकानं हट्टानं टाकायला लावलतं, नवरी हिरवीगार आली." तो हसला. मी डबी उचलून पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि वर हात दाबून धरला, जसा काही तो काउंटरवरून उडी मारून डबी हिसकावून घेणार होता. त्या रोलात माझ्या आईचा फोटो होता. हिरवी आई! म्हणजे आधीच काय कमी होतं.

आधीच काय कमी होतं, हे बंकटला काय सांगणार? आमच्या घरी नेकनूरला, दुकानातून आत आलं की समोरच्या भिंतीवर आईचा फोटो आहे. आई भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली, कपाळभर विभूती, गळ्यात हार, हिरवं लुगडं, डाव्या तळहातावर लिंग. फोटो काळापांढरा, वरून हातानं रंग भरलेले. आणि डोळे टक्क उघडे, काळेभोर, गोल, सरळ समोर बघणारे. तो फोटो म्हणजे माझी आई. दुसरी मला माहीत नाही, मी तीन वर्षांची असताना ती बाळंतपणात गेली आणि बाळही गेलं. लग्नातले दोन फोटो आहेत, त्यांत नुसत्या मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, आई कसल्यातरी पूजेला बसलेली आहे. मग एकदा शेजारच्या छबुबाई पापड लाटता लाटता सहज बोलून गेल्या, "अगं, मेल्यावरचा फोटो हाय त्यो. तुमच्यात बसवूनच नेत्यात की. डोळे मागून उघडलेत, बीडच्या पेंटरकडून." आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवतात, सजवतात, बसलेलंच समाधीत ठेवतात, हे मला माहीत होतं, आजोबांच्या वेळी पाहिलंही होतं. पण ते आणि हे मी कधी एकत्र जोडलंच नव्हतं. त्या दिवशी पापडाची लाटी माझ्या हातात तशीच वाळून गेली. मेलेल्या बाईला डोळे लावले. कुणाचे लावले? कुठून आणले? हे विचारायला तोंड उघडलं नाही, आणि मग ते कधीच उघडलं नाही.

आणि त्याच डोळ्यांपुढं मी वाढले. "आई बघतीय हं," हे माझ्या वडिलांचं, अप्पांचं, एक वाक्य. खोटं बोललं तर आई बघतीय, बरणीतल्या गोळ्या चोरल्या तर आई बघतीय, परीक्षेत गणितात आपटले तर अप्पांनी नुसता फोटोकडे बघून सुस्कारा टाकला, म्हणजे पुन्हा तेच. अप्पा वाईट नाहीत हो. सकाळी दुकान उघडायच्या आधी फोटोला उदबत्ती लावणार, लिंगपूजा करणार, मग माझा चहा स्वतः करणार. दुसरं लग्न केलं नाही माझ्यासाठी, असं सगळं नेकनूर सांगतं. पण मी कधी त्या भिंतीकडे तोंड करून वेणी घातली नाही, साडी तर कधीच नेसले नाही; कपडे बदलायचे तर आतल्या खोलीत, दार लावून, पोत्यांच्या मधे. लोकांच्या आया मायेनं बघतात म्हणे. माझी आई नुसती बघायची. तिच्या बघण्यात माया नव्हती, रागही नव्हता, एक कसलीशी वाट बघणं होतं, जसं काही मी कधी हलते याकडे ती डोळे लावून बसली होती. मला माझ्या आईची भीती वाटायची. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेली नाही, कारण आईविना वाढलेल्या पोरीनं असलं बोलायचं नसतं, तिनं पदराला डोळे पुसायचे असतात.

त्यात भर म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण फोटोकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि म्हणायचा, "डोळे अगदी आईवर गेलेत पोरीचे." पाहुणे बघायला यायचे, पोहे संपवायचे, भिंतीकडे बघायचे, आणि त्यांच्यातली एखादी म्हातारी हेच म्हणायची. अप्पा तेव्हा मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. खरंच होतं ते. काजळ घालायला आरसा हातात धरला की आरशातून तीच बघायची. म्हणून मी काजळ घालायचं सोडलं. बीडच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत बाहेरचं रान पळत असायचं आणि त्याच्या वर माझे डोळे, म्हणजे तिचे, टक्क उघडे. मी लगेच दुसरीकडे बघायची. एक आठवण मात्र कधीकधी मधेच यायची, का ते कळायचं नाही. मी उंच स्टुलावर बसलेली आहे, पाय लोंबकळताहेत. समोर एक माणूस, त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास, हातात काहीतरी बारीक. तो म्हणतो, "हलू नको बाळ. माझ्याकडं बघ. पापणी लववू नको, मग गोळी देतो." डोळ्यांत पाणी येतंय पण मी पापणी लववत नाही. बस, एवढंच. गोळी मिळाली की नाही ते आठवत नाही. शाळेत नाव घालताना फोटो काढला असेल, असं मी स्वतःला सांगून टाकलेलं होतं.

डबी आली ती धारूरहून. पंचाक्षरीमामा, आईचा धाकटा भाऊ, कृषी खात्याच्या प्रचाराच्या गाडीवर होता. गावोगाव जायचं, देवळापुढं पांढरा पडदा बांधायचा आणि कपाशीवरची बोंडअळी, ज्वारीवरचा चिकटा असल्या स्लाइडा दाखवायच्या. लोक अळी बघायला शिनेमासारखी गर्दी करायचे म्हणे. मामा यंदा गेला. गणाराधनेचं, म्हणजे त्याच्या दिवसाचं, जेवण उरकलं, पंगती उठल्या, तशी विमलमामीनं मला माजघरात बोलावलं आणि लुगड्याच्या घडीतून ही डबी काढून हातावर ठेवली. "त्यांनी कदी धुतला न्हाई हा रोल. इच्यात अक्का हाय, म्हनायचे. रोल संपवायचा व्हता म्हनून नेकनूरला गेलतो तवा काढला एक फोटो, म्हनायचे, आन् महिन्याभरात अक्काच गेली." "मग धुतला कावून न्हाई?" मी विचारलं. मामीनं हात झटकला. "मी किती येळा म्हनलं. म्हनायचे, तिथं भितीवर बसवलीय ती बसवलीय, आता जित्ती कशाला दाखवायची?" मी धारूरच्या त्या अंधाऱ्या माजघरात डबी कानाशी धरून हलवली. आत काहीतरी सुकं खुळखुळलं. आई तिथं होती, जिवंत, स्वतःच्या डोळ्यांनी बघत, गुंडाळी होऊन. मला दुसरं काही नको होतं. तिचं हसणं नको, आवाज नको, तो कुठून मिळणार? मला फक्त तिचे डोळे बघायचे होते, एकदा. पेंटरनं लावलेले नाहीत, तिचे.

तर हा रोल कुणी धुत नव्हतं. औरंगाबादला क्लासच्या कामानं गेले तेव्हा तिथल्या मोठ्या लॅबमध्ये विचारलं. तिथला माणूस चांगला बोलला, खुर्ची दिली. म्हणाला, पूर्वी कंपन्यांचं भरपूर काम यायचं, मीटिंगमध्ये स्लाइडा दाखवायचे, आता सगळे कंप्युटरवरच दाखवतात. आम्ही रोल धुवायच्या टाक्या मागच्या वर्षी भंगारात काढल्या. कंप्युटर, कंप्युटर. आमच्या टायपिंगच्या सरांनीही दोन आणून ठेवले होते, त्यांवर टॉवेल टाकलेले, आणि दोन हजार साल लागलं की ते आपोआप बंद पडणार असं ते स्वतःच पोरांना सांगायचे. मला कंप्युटरचा तेव्हा असा संताप आला की बस! माझी आई एका डबीत अडकलेली आणि यांनी टाक्या भंगारात काढल्या. शेवटी त्यानंच पुण्याचा एक पत्ता दिला. पुण्याच्या माणसाचा फोनवरचा आवाज अगदी शांत होता. "करतो अजून. पण रोज नाही करत मॅडम. पुरेसे रोल जमले की केमिकल तयार करतो, एकट्या रोलसाठी परवडत नाही. आणि इतका जुना रोल, कशाची खात्री नाही. कदाचित नुसती काळी पट्टी येईल." मी म्हटलं, "येऊ द्या." डबी कुरियरनं पाठवली. पाकिटाला चिकटपट्टी लावताना मी ती इतकी गुंडाळली की कुरियरवाला म्हणाला, "ताई, आत सोनं हाय का काय?"

अप्पांना मी सांगितलं ते पाठवून झाल्यावर. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते तांदूळ पाखडत होते. सूप थांबलं. "पंच्यानं फोटो काढलता?" "हो." "मला कदी बोलला न्हाई." मग म्हणाले, "कावून उकरून काढती गं? चांगला फोटो हाय की घरात. समद्या जगानं बगितलाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना भीती वाटत होती. अप्पांना भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटलं, म्हणजे हेही माझ्यासारखेच, आयुष्यभर त्या भिंतीला बिचकून राहिलेले. त्या दिवसांत मला फोटो वेगळाच दिसायला लागला. मी वही घेऊन बसले की डोळे माझ्या हातांवर असायचे, उठले की पाठीवर. एकदा दुपारी मी चिडून त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभीच राहिले आणि म्हटलं, "काय पाहिजे तुला? बोल ना! काय बघतेस?" घरात कुणी नव्हतं. ती बघतच राहिली, तशीच, पापणी न लववता. माझेच डोळे पाण्यानं भरले आणि मी आधी नजर वळवली. दर वेळी मीच वळवायची.

पुण्याला एसटीडीवरून फोन करायचे. "रोल जमतायत मॅडम, थोडं थांबा." थांबण्यात दिवस जात होते आणि मला दोन्हीची धास्ती वाटत होती, काळी पट्टी येईल याची आणि येणार नाही याची. समजा जिवंत आईचेही डोळे तसेच असले तर? टक्क, काळे, वाट बघणारे? मग पेंटरचा काही दोष नव्हता, ती होतीच तशी, आणि मी तिच्यावर गेले होते हेही खरंच. मग आयुष्यभर आरशात तिला बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. असल्या विचारांत टायपिंगच्या पोरींच्या चुका मला दिसेनात. शेवटी एका फोनला तो म्हणाला, "झालं मॅडम. आलंय. रंग उतरलेत, सगळं जांभळट झालंय, पण आलंय." "काय आलंय?" "अळ्या आहेत." "अं?" "अळ्या. पानांवरच्या. सगळ्या अळ्याच आहेत. शेवटी एक बाई आहेत." बूथवाल्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं, कारण मी रिसीव्हर हातात धरून हसत होते आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक बाई आहेत! आहेत म्हणाला तो.

पाकीट क्लासच्या पत्त्यावर आलं. सर जेवायला गेले होते, पोरी यायच्या होत्या. मी सरांचं वाचायचं भिंग घेतलं आणि खिडकीशी गेले. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले छोटे छोटे चौकोन, एकेक उजेडाला धरला. अळी. पान. पानावर अळी. बोंडातून बाहेर येणारी अळी, मामाचं बोट शेजारी. आणि मग आमच्या नेकनूरच्या घराचं दार. दारात एक बाई उभी, पोट पुढे आलेलं, डाव्या कडेवर पोर. सगळं जांभळट, जसं कुणी जांभळाच्या पाण्यात बुडवून काढलंय. बाई हसत होती. दात किंचित पुढे, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि ती मामाला काहीतरी म्हणत होती, बहुतेक "लवकर काढ की रे". मी भिंग डोळ्यांवर आणलं. तिचे डोळे बारीक होते. खोल, हसताना मिटत आलेले, फिके, घारे असावेत. त्या भिंतीवरच्या डोळ्यांशी त्यांचा काही म्हणजे काहीच संबंध नव्हता. आणि ते एका रेषेत नव्हते. उजवा डोळा समोर बघत होता, डावा भलतीकडेच वळलेला होता. माझी आई तिरळी होती. वीस वर्षांत एका माणसानं मला हे सांगितलं नव्हतं, छबुबाईंनीसुद्धा नाही. मी भिंग खाली घेऊन क्लासच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि मग आठवून पुन्हा स्लाइड वर धरली, कारण मला काहीतरी दिसून गेलं होतं. कडेवरच्या पोरीचे डोळे. काळेभोर, गोल, टक्क उघडे, सरळ समोर. ते डोळे मी आयुष्यभर ओळखत होते. ते आमच्या भिंतीवर होते.

पोरी आल्या तेव्हा मी नव्हते. मिळेल त्या गाडीनं नेकनूरला आले. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते, ऊन अजून होतं. मी स्लाइड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी उलटी धरली, मग सुलटी केली, उजेडाकडे तोंड करून डोळे बारीक केले. बघितलं आणि लगेच खाली घेतली, जसा काही चटका बसला. "शिवगंगा," आईचं नाव, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अप्पा, भितीवर कुनाचे डोळे हायेत?" पदर असता तर त्यांनी तोंडाला लावला असता, तो नव्हता म्हणून खांद्यावरचा टॉवेल लावला. "पेंटरनं इचारलं, डोळे कसले काढू. मी काय सांगू? तिची एक नजर फिरलेली व्हती. लई बोललं लोकांनी तिला, चकनी म्हनून. लग्नात बी मान वर केली न्हाई तिनं त्याच्यापायी. मला वाटलं, आता मेल्यावर तरी कुनी हसू नये. पोरीला बी कुनी म्हनू नये, तुजी आई अशी व्हती. तू संगं व्हतीस. मी म्हनलो, हिचे बगून काढा. आईवर गेलेत."

म्हणजे ते स्टूल. टर्पेंटाइनचा वास. हलू नको बाळ. मी आत गेले आणि भिंतीसमोर उभी राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नजर वळवली नाही. तिथून मीच माझ्याकडे बघत होते, तीन वर्षांची, नुकती आई गेलेली, पापणी न लववता. गोळीची वाट बघत होते. जिला मी भ्याले, जिच्यापुढं वेणी घातली नाही, जिच्यावर खेकसले, ती ही एवढीशी पोर. सगळं गाव खरंच बोलत होतं. डोळे आईवर गेलेत. जाऊन बसलेत. मला त्या पोरीची इतकी दया आली की मी हात वर करून काचेवरून, डोळ्यांवरून, हळू हात फिरवला, जसा झोपायला सांगताना फिरवतात.

बाहेर आले तर अप्पा तसेच बसलेले, स्लाइड तळहातावर, लिंग धरतात तशी. मी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकले. "रागावलीस का गं अंजे?" ते म्हणाले. मी नाही म्हटलं. खरं तर थोडी रागावले होते, पण ते नंतर बघता आलं असतं. "कुनाला दाखवू नको," अप्पा म्हणाले, "लोक पुन्हा बोलतील. समोर बगितलं की तिचा तो एक डोळा दुसरीकडंच जायचा." मी त्यांच्या हातातली स्लाइड घेतली, आकाशाकडे धरली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आणली. आईच्या उजव्या डोळ्यात मामा होता, कॅमेरा होता, नेकनूरचा रस्ता होता. डावीकडे, कडेवर, मी होते.

"दुसरीकडं न्हाई अप्पा," मी म्हटलं. "माझ्याकडं. नीट बघा."

अप्पांनी टॉवेलनं डोळे पुसले, माझ्या हातून स्लाइड घेतली आणि पुन्हा उजेडाला धरली. या वेळी लवकर खाली घेतली नाही.